सरळ बाजू, फुगीर बाजू

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यवसायाकडे एक वेगळे काम वळू लागले आहे, आणि त्यामुळे हातोडी-डॉली घेऊन बसणाऱ्या जुन्या मिस्त्रींना पुन्हा मानाचे बोलावणे येऊ लागले आहे. हे काम म्हणजे वर्षानुवर्षे वाड्याच्या बोळात किंवा वस्तीवरच्या शेडमध्ये धूळ खात पडलेल्या मोटारी मूळ रूपात उभ्या करून देण्याचे होय. अशा मोटारींत अँबॅसडर आणि पद्मिनी यांचा भरणा अधिक असणे साहजिकच आहे. परंतु जिथे दोन मिस्त्री आणि एक मालक एकत्र जमतात तिथे वाद पेटतो तो मात्र हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा आणि प्रीमियरची ११८ एन्ई या दोन गाड्यांपैकी दिसायला सरस कोणती, यावरून. हा वाद रिकामटेकड्यांचा आहे असे आम्हांस वाटत नाही, कारण जो कारागीर गाडीच्या रूपाविषयी मत बाळगत नाही, त्याच्या हातून तिचे रूप जसेच्या तसे परत येणे कठीण असते. आणि या दोन गाड्यांची बाह्यांगे इतक्या भिन्न विचारांतून घडलेली आहेत की एकीवर बसलेला हात दुसरीवर तसाच चालवू गेल्यास तो फसतो.

ज्यांचा या धंद्यातला जन्म अलीकडचा, त्यांच्यासाठी थोडा पूर्वेतिहास. परवान्यांच्या अमदानीत मोटारीचा कारखाना किती गाड्या काढील आणि कोणत्या काढील हे दिल्लीच्या कचेरीतून ठरत असे, परदेशी गाडी आणणे जकातीच्या बोज्यामुळे जवळजवळ अशक्य होते, आणि त्यामुळे १९८३ च्या अखेरीस मारुती रस्त्यावर येईपर्यंत सामान्य गिऱ्हाइकाला निवडीची मुभा जवळपास नव्हतीच. त्यानंतर जी चलबिचल झाली तिच्यात १९८४ साली कॉन्टेसा आणि १९८५ साली ११८ एन्ई बाजारात आल्या, आणि डॉक्टर, वकील, साखर कारखान्यांचे अध्यक्ष, बडे ठेकेदार यांच्या दारात उभी करण्याजोगी ऐषआरामी गाडी म्हणून या दोन नावांचा दबदबा पुढे बरीच वर्षे टिकला. मौज अशी की या दोन्ही नव्या गाड्या मुळात जुन्या होत्या. कॉन्टेसाचे अंग म्हणजे इंग्लंडातील ल्यूटन येथील व्हॉक्सॉल कंपनीने १९७२ साली काढलेल्या व्हिक्टर या गाडीचे अंग. ११८ चे अंग त्याहूनही जुने, म्हणजे १९६६ सालच्या फियाट १२४ चे, जी १९६७ साली युरोपातील त्या वर्षीची सर्वोत्तम गाडी ठरली, जी पुढे रशियात लाडा होऊन आणि तुर्कस्तानात मुरात होऊन नांदली, आणि जिचा चेहरा स्पेनच्या सेआत कंपनीसाठी १९७५ च्या सुमारास जुजारो या विख्यात इटालियन रेखाकाराने चौकोनी दिव्यांचा करून दिला. आपल्याकडे आला तो हा स्पॅनिश चेहरा. यंत्रांविषयी येथे विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. कॉन्टेसाला आरंभी अँबॅसडरचेच १४८९ सीसीचे दुबळे इंजिन होते व पुढे इसुझूचे १८१७ सीसीचे मिळाले, तर ११८ ला पहिल्यापासून निस्सानचे ११७१ सीसीचे होते, एवढे सांगितले की पुरे.

प्रीमियरची बाजू आम्ही घेतली तर ती गावच्या अभिमानापोटी घेतली असा आरोप होईल हे आम्ही जाणून आहोत. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली याच सोलापुरात झाला, बार्शी लाइट रेल्वेच्या ठेक्यापासून ज्याची उभारणी सुरू झाली त्या उद्योगाने पुढे जहाजे, विमाने आणि साखर यांच्या जोडीला १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सही काढली, आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या परवान्याखाली जोडलेली पहिली गाडी बाहेर पडली, हे येथल्या वालचंद महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. परंतु वालचंदशेठ १९५३ साली निवर्तले. ११८ च्या रेषेशी त्यांचा काडीमात्र संबंध नाही, आणि आम्ही पुढे जे म्हणणार आहोत त्याचा आधार पत्रा हाच आहे.

११८ बाजूने पाहिली असता प्रथम जाणवते ती तिची निर्भीड सरळता. बॉनेटची पेटी, बसण्याची पेटी आणि डिकीची पेटी अशा तीन पेट्या एकमेकींना लावून ठेवल्या आहेत आणि त्यांची जुळणी झाकण्याचा कोणताही प्रयत्न रेखाकाराने केलेला नाही. काचा उंच आणि मोठ्या, त्यांच्यामधले खांब बारीक, छप्पर सपाट, आणि पुढच्या दिव्याच्या कडेपासून मागच्या दिव्यापर्यंत खांद्याची एकच एक रेषा, जी कोठेही उसळत नाही की ढळत नाही. दोन चाकांमधले अंतर २४२० मिलिमीटर, एकंदर लांबी चार मीटरांच्या आसपास. आणि तरीही आत बसणाऱ्या माणसाला ती कोती वाटत नाही, याचे श्रेय त्या उभ्या काचांना आहे. ज्या काळात ती रेखाटली गेली त्या काळी इटलीत अशी एक धारणा होती की गाडीच्या अंगाने आतल्या माणसांची आणि यंत्राची सोय प्रामाणिकपणे सांगावी आणि त्यापलीकडे फारसे बोलू नये. ही धारणा ज्यांना रुक्ष वाटते त्यांना ११८ खोक्यासारखी दिसते, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

कॉन्टेसाची गोष्ट निराळी. व्हॉक्सॉल ही १९२५ पासून २०१७ पर्यंत अमेरिकेच्या जनरल मोटर्सच्या मालकीची असलेली कंपनी, आणि त्यामुळे इंग्लंडात घडलेल्या या अंगावर डेट्रॉइटच्या रुचीची छाया स्पष्ट दिसते: चाकांमधले अंतर २६६७ मिलिमीटर, म्हणजे ११८ पेक्षा जवळजवळ पाव मीटर अधिक, बॉनेट लांबलचक, छप्पर मागे उतरत जाऊन डिकीत विरून जाणारे, आणि कंबरेची रेषा मागच्या दाराशी किंचित वर उचलून मागच्या चाकावरून फुगीर होत जाणारी, ज्या शैलीला साठीच्या दशकातले अमेरिकन लोक कोकाकोलाच्या बाटलीच्या नावाने ओळखत. उभी असतानाही ती चालल्याचा भास व्हावा, आणि तिच्यातून उतरणाऱ्या माणसाचा रुबाब दुणावावा, अशी ही योजना आहे, व ती सफल झालेली आहे हे हिंदी चित्रपटांतल्या तस्करांच्या पसंतीवरून सिद्धच आहे. आमच्या मते तिचे एक वैगुण्य मात्र लपत नाही. एवढ्या थोरल्या अंगाखाली चाके लहान आणि आत सरकलेली दिसतात, आणि मागून पाहिले असता तर अंगाची रुंदी चाकांवर ओथंबून आल्यासारखी वाटते. ११८ मध्ये चाक, काच आणि पत्रा यांचे प्रमाण असे बसले आहे की कशालाही हात लावावासा वाटू नये. म्हणून रेखाटन म्हणून आमचे माप ११८ च्या पदरात; डौल म्हणून मात्र कॉन्टेसाला तोड नाही, आणि लग्नाच्या वरातीसाठी ११८ कोणी मागितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता आपल्या कामाकडे. सर्वसाधारण समजूत अशी की सपाट पत्र्याचे काम सोपे आणि गोलाईचे अवघड. पोऱ्यालासुद्धा आपण आधी सपाट दारावर बसवतो. प्रत्यक्षात ११८ चे दार हे या दोहोंपैकी अधिक कठोर परीक्षक आहे. ज्या पत्र्याला पुरेशी गोलाई असते त्याच्या अंगी मूळचाच ताठपणा असतो, त्यावर ठोकताना पत्रा थोडा ताणला गेला तरी ती वाढ गोलाईत सामावून जाते. परंतु जवळजवळ सपाट पत्र्यात वाढलेल्या धातूला जायला जागाच नसते, आणि मग तो अंगठ्याने दाबला की आत जातो, सोडला की टक्कन बाहेर येतो. अशा ठिकाणी आणखी ठोकणे म्हणजे दुखणे वाढवणे होय. तेथे ताणलेल्या जागेचा मध्य शोधून गॅसने लहानसा ठिपका लालसर करावा, हातोडी-डॉलीने हलकेच बसवावा आणि ओल्या फडक्याने आवळून घ्यावा; एका वेळी एकच ठिपका, आणि दर ठिपक्यानंतर थांबून पत्रा पूर्ण थंड होऊ द्यावा, कारण घाईने शेजारी दुसरा तापवला की अख्खे दार वाकडे होते. एवढे सायास टाळून वरून लांबीचा जाड थर चढवणे हा जो शिरस्ता आपल्याकडे पडला आहे, तो सोलापूरच्या उन्हाळ्यात, जेव्हा सावलीतच पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि उन्हातल्या गडद रंगाच्या पत्र्याला हात लावणे अशक्य होते, तेव्हा हमखास उघडा पडतो: पत्रा आणि लांबी सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत कडेने भेग धरते.

११८ ची दुसरी परीक्षा खांद्याच्या रेषेची. पुढचे मडगार्ड, दोन दारे आणि मागची बाजू अशा चार तुकड्यांवरून ती जाते, आणि सोलापुरी चादरीत काठाची पट्टी एका जागी दोन धागे सरकली तर गिऱ्हाइकाचा हात जसा नेमका तेथेच थांबतो, तसाच पाहणाराचा डोळा त्या रेषेतल्या मिलिमीटरभर फरकावर जाऊन थांबतो. म्हणून आधी बिजागऱ्या आणि दारांच्या फटी बरोबर करून घ्याव्यात, मग रेषा; उलट क्रमाने केलेले काम दार पहिल्यांदा आपटून लावले की वाया जाते. तपासणीसाठी शेडमधले सारे दिवे मालवून एकच लांब नळी गाडीला समांतर टांगावी आणि खाली बसून तिचे प्रतिबिंब पत्र्यावर सरकत कसे जाते ते पाहत गाडीच्या टोकापर्यंत चालावे. प्रतिबिंब जेथे पोट काढते तेथे खडूची खूण करावी. तळव्याने चाचपणाऱ्या जुन्या मिस्त्रींचा हातही हेच सांगतो, किंबहुना कधीकधी प्रतिबिंबाच्या आधी सांगतो, पण तो हात साऱ्यांना नसतो.

कॉन्टेसाच्या बाबतीत हाताला क्षमा आहे, डोळ्याला नाही. मागच्या चाकावरचा फुगीरपणा ठोकून आणणे तितकेसे कष्टाचे नसते, आणि लहानसहान उणीव त्या गोलाईत दडूनही जाते. परंतु तो फुगीरपणा नेमका कोठे सुरू होतो आणि कोठे ओसरतो हे ज्याच्या ध्यानात नाही, तो उजवी बाजू थोडी अधिक भरतो, डावी थोडी कमी, आणि गाडी मागून पाहिली की एका कुशीवर झोपल्यासारखी दिसते. अशा वाकड्या कॉन्टेसा आम्ही होटगी रस्त्यावर इतक्या पाहिल्या आहेत की सरळ दिसली तर थांबून विचारपूस करावीशी वाटते.

गंजाबाबत आपला मुलूख सुदैवी आहे. मुंबईच्या खाऱ्या हवेत जी गाडी खालून खाऊन गेलेली असते, तीच येथल्या कोरड्या हवेत पायाखालच्या पत्र्यासकट शाबूत सापडते. मात्र काळ्या मातीचा चिखल दारांच्या तळातली भोके आणि चाकांवरच्या कोनाड्यांच्या आतल्या कडा बुजवून बसतो व तेथेच पाणी मुरते, म्हणून अंदाजपत्रक देण्यापूर्वी त्या दोन जागा खरवडून पाहिल्याखेरीज आकडा लिहू नये. उन्हाने करपलेला रंग आणि वाळून तडकलेली काचांची रबरे हा खर्च तर गृहीतच धरावा.

मालकांच्या हौसेविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण बिल त्यांच्या नावे निघत असले तरी काम आपल्या नावे ओळखले जाते. कॉन्टेसाला थोडी रुंद चाके बसवण्याची मागणी आली तर आम्ही ती नाकारणार नाही; चाकांचे जे वैगुण्य वर सांगितले ते त्यामुळे काही अंशी झाकते, फक्त चाक कोनाड्याबाहेर डोकावू नये. परंतु ११८ च्या डिकीवर पंख बसवणे, तिच्या बाजूंवर चमकत्या पट्ट्या चिकटवणे, छपरालगतची पन्हळ कापून ती जागा गुळगुळीत करणे, हे प्रकार त्या गाडीचे मूळ म्हणणेच खोडून काढतात, आणि पन्हळीच्या बाबतीत तर ते बेजबाबदारही आहेत, कारण छप्पर आणि बाजू यांचे पत्रे जेथे जोडलेले असतात तीच ती जागा. मालकाने हट्ट धरल्यास त्याला नम्रपणे दुसऱ्या शेडचा रस्ता दाखवावा. रंगाचेही तसेच: ११८ ला सपाट, बिनचमकीचे फिके रंग शोभतात, मेटॅलिक रंगात तिच्या सपाट बाजूवरची प्रत्येक लाट दुप्पट होऊन दिसते, कॉन्टेसाच्या गोलाईला मात्र गडद मेटॅलिक साजतो, अट एवढीच की सारे तुकडे एकाच दिवशी, एकाच डब्यातून मारले जावेत.

दोन्ही गाड्यांचे नवे पत्रे आता दुकानात मिळत नाहीत, भंगारातून जे निघतात ते आपल्याहून वाईट अवस्थेत असतात. तेव्हा यापुढे अशी गाडी शेडमध्ये येताच, कोणतीही पट्टी उकलण्यापूर्वी, जी बाजू धडकलेली नाही तिचे फर्मे जाड पुठ्ठ्यावर किंवा तीन मिलिमीटरच्या प्लायवर काढून घ्यावेत: ११८ चे दाराच्या मध्यावर उभे दोन आणि खांद्याच्या रेषेलगत आडवे चार, कॉन्टेसाचे मागच्या चाकावर दर दहा सेंटिमीटरला एक. प्रत्येकावर गाडीचे साल, बाजू आणि मोजणीची जागा शाईने लिहावी, आणि काम झाल्यावर ते जाळण्याऐवजी शेडच्या भिंतीला टांगावेत. उलटे धरले की तेच फर्मे दुसऱ्या बाजूलाही लागतात.