स्वस्त हत्ती, महाग चारा

पांढुर्णा आणि सौंसर ही नावे आपल्याकडील जुन्या मराठी घरांना परकी नाहीत. कुणाची आत्या तिकडे दिलेली असते, कुणाची सून तिकडची असते, आणि आंबिया बहाराची संत्री उतरली म्हणजे एखादी पेटी कुणाच्या तरी हाती इंदुरापर्यंत पोहोचते. एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात असलेला हा मुलूख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भापासून सुटला व मध्यप्रदेशात राहिला. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी असा दुहेरी संसार त्याने तेव्हापासून चालविला आहे. २०२३ साली ह्या दोन्ही तहसिली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या निघाल्या आणि पांढुर्णा हे जिल्ह्याचे ठिकाण झाले. गाव जिल्ह्याचे झाले म्हणजे त्याच्या चालण्याबोलण्यात थोडी ऐट येणारच. ती येऊ नये असे कोण म्हणेल? पण ह्या ऐटीबरोबर तिकडच्या बऱ्या घरांतून एक प्रश्न हल्ली वरचेवर ऐकू येतो. तो असा की, दुसऱ्याने वापरलेली, परदेशी नावाची, उंच आणि ऐसपैस मोटार – जिला आजकाल ‘एसयूव्ही’ म्हणतात – ती घ्यावी की न घ्यावी?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यात एका घराची दोन-चार वर्षांची कमाई गुंतलेली असते, आणि बाप व मुलगा ह्यांच्यातला अबोलाही कधी कधी गुंतलेला असतो. मुलाचे म्हणणे वरवर पाहता बिनतोड असते. समजा, नवी असताना ऐंशी लाखांची असलेली मर्सिडीज किंवा आउडी सात वर्षांनी वीस-बावीस लाखांना मिळते. तेवढ्याच पैशांत नवी घ्यायची तर साधी देशी गाडी येते. मग साध्या गाडीच्या किमतीत राजाची गाडी मिळत असता ती सोडणारा शहाणा की वेडा?

हा सवाल विचारणाऱ्याने एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. ऐंशी लाखांची वस्तू वीस लाखांना विकणारा मनुष्य दानशूर नसतो. गाडीची किंमत कशी उतरते हे विम्याच्या कोष्टकात स्पष्टच दिसते: पहिल्या वर्षाअखेर पंधरा टक्के वजा, पाच वर्षे होईतो निम्मी. मोठ्या गाड्यांची बाजारातली उतरण त्याहूनही वेगाची असते, कारण पहिला धनी वॉरंटी संपत आली की ती काढून टाकतो. त्यात दिल्लीची भर पडली. २०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना राजधानीच्या परिसरात मनाई केली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि तिकडच्या धनिकांच्या गाड्या देशभरच्या लहान गावांकडे वाट काढू लागल्या. २०२५ साली त्या सक्तीचा न्यायालयात पुन्हा विचार झाला, तरी एकदा सुरू झालेला हा व्यापार काही थांबलेला नाही. दिल्लीत नकोशी झालेली गाडी पांढुर्ण्यात प्रतिष्ठेची ठरते, ती काही गुणाने वाढलेली नसते. फक्त गाव बदललेले असते.

पण खरी मेख पुढेच आहे. गाडी जुनी होते, तिचे सुटे भाग जुने होत नाहीत. वीस लाखांना घेतलेल्या गाडीचा पुढचा दिवा फुटला तर तो वीस लाखांच्या गाडीच्या हिशोबाने मिळत नाही, ऐंशी लाखांच्या गाडीच्या हिशोबाने मिळतो. अनेक गाड्यांत तो एक दिवाच लाखाच्या घरात जातो. हवेच्या दाबावर गाडी तोलून धरणारे जे झेले असतात, त्यांचेही तसेच. विमा आहे म्हणावे, तर साध्या विम्यात रबर व प्लास्टिकच्या भागांची निम्मी किंमत कंपनी वजा करते. पूर्ण भरपाईचा जादा विमा गाडी पाच-सात वर्षांपलीकडे गेली की बहुतेक ठिकाणी मिळत नाही. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण आपल्या पूर्वजांनी मोटार पाहण्यापूर्वीच करून ठेवली होती.

ह्या बाबतीत आपल्या संस्थानी शहरांच्या आठवणी उपयोगी पडतात. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) ह्यांनी १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेची ड्यूसेनबर्ग मोटार घेतली आणि तिचा सांगाडा लंडनच्या गर्नी नटिंग ह्या कारागिरांकडून चढवून घेतला. जगातल्या देखण्या मोटारींत तिची गणना होते. ही कंपनी १९३७ साली बंद पडली. एखाद्या सामान्य धन्याला त्या दिवशी घाम फुटला असता. महाराजांचे काही अडण्याचे कारण नव्हते, कारण संस्थानाकडे नुसती मोटार नसे, मोटारखाना असे. ज्याप्रमाणे पूर्वी हत्तीमागे फीलखाना, माहूत, चाराकटाई आणि वैद्य उभे असत, त्याप्रमाणे मोटारीमागे मिस्त्री, शोफर, भागांचा साठा आणि खजिना उभा असे. १९७१ साली तनखे बंद झाले, खजिना आटला, आणि मग कितीएक वाड्यांतल्या त्याच मोटारी विटांवर चढून धूळ खात बसल्या. मोटारी बिघडल्या म्हणून त्या थांबल्या नाहीत. मोटारखाना मोडला म्हणून थांबल्या. आमचे म्हणणे थोडक्यात हेच आहे. मोटार विकत घेणे सोपे असते. तिच्यामागचा मोटारखाना जुन्या बाजारात मिळत नाही, तो आपला आपल्याला उभारावा लागतो.

आता पांढुर्णा-सौंसरच्या घराकडे हा मोटारखाना कितपत आहे ते पाहू. त्या बाजूला गाठीचा पैसा येतो तो मुख्यतः संत्र्यातून. झाड लावल्यावर फळ धरायला पाच-सहा वर्षे. पुढे बागेला ताण द्यायचा, पाणी सोडायचे, बहार धरायचा, आणि फळ झाडावर असतानाच व्यापाऱ्याशी बागेचा सौदा करायचा. पैसा येतो तो एकदम येतो, हातात गठ्ठा पडतो, आणि नेमकी त्याच आठवड्यात जुन्या गाडीचा दलाल दारात येतो. वीस लाख एकरकमी मोजून देता येतात, ह्याचाच अर्थ गाडी परवडते असा लावला जातो. वस्तुतः बागेचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि गाडी बारा महिने मागत राहते. डिझेल तिला लिटरला दहाएक किलोमीटरच्या हिशोबाने लागते, म्हणजे वर्षाला बारा हजार किलोमीटर धावली तर बाराशे लिटर. चार टायर, गिअरचे तेल, विमा हे वेगळेच. ह्यातली कोणतीही मागणी फळगळ झाली, कोळशी पडली किंवा गारपीट झाली म्हणून थांबत नाही. ज्या वर्षी बाग रुसते त्या वर्षी ट्रॅक्टर निदान शेजाऱ्याच्या रानात भाड्याने जातो. ही गाडी कुणाच्या रानात जायची?

दुसरी अडचण वैद्याची. ह्या गाड्यांच्या अधिकृत कार्यशाळा नागपूर, भोपाळ, इंदूर अशा शहरांत. पांढुर्ण्याहून नागपूर शंभर किलोमीटरच्या आत, सौंसरहून त्याहूनही जवळ. म्हणजे इतर आडगावांच्या मानाने ही दोन्ही गावे नशीबवानच. पण गाडी चालती असली तर हे जवळपण खरे. रस्त्यात बसली तर ती ट्रकवर घालून न्यावी लागते, आणि गावचा हुशार मिस्त्री, जो ट्रॅक्टर आवाजावरून ओळखतो, तोही संगणकाशिवाय हिच्यात हात घालू शकत नाही. शिवाय १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडविणारी जी गाळणी असते, ती साफ होण्यासाठी गाडी वेगाने बराच वेळ धावावी लागते. घर ते मळा आणि मळा ते मंडी एवढाच जिचा फेरा, तिची गाळणी तुंबणार हे ठरलेले.

इतके सांगून ‘घेऊच नका’ असा निकाल आम्ही देणार असू, असे वाचकांना वाटेल. तसे नाही. दुसऱ्या बाजूतही तथ्य आहे. नागपूर-बैतूल हा महामार्ग पांढुर्ण्यावरून जातो. रात्री-अपरात्री ट्रकांच्या गर्दीतून ज्याला आठवड्यातून दोनदा नागपूर गाठावे लागते, ज्याच्या घरी पाठीच्या दुखण्याचे वृद्ध आहेत, त्याला भक्कम बांध्याची, चांगल्या ब्रेकची, अंग न हलविणारी गाडी ही चैन नसून सोय आहे. अशा मनुष्याची मिळकत दरमहा येणारी असेल – दुकान, दवाखाना, बोरगावच्या कारखानदारीतला ठेका – तर त्याच्यापाशी मोटारखान्याची सुरुवात आहे. पाच वर्षांच्या आतली, एकाच धन्याची, सर्व सर्व्हिस अधिकृत कार्यशाळेत झालेली गाडी त्याने जरूर पाहावी. आणि हौस हीदेखील काही पाप नव्हे. हौसेचा खर्च हौसेच्या खात्यावर लिहिण्याचा प्रामाणिकपणा असला म्हणजे झाले.

मात्र पाहावी कशी, हे आमच्या शेतकऱ्याला शिकवायला नको. फक्त आठवण द्यायला हवी. बैल घेताना तो काय करतो? दात पाहून वय ठरवितो, दलालाच्या सांगण्यावरून नव्हे. खांदा चाचपतो, खूर उचलून पाहतो, भरल्या गाडीला जुंपून चढावर हाकतो, आणि हा कुणाच्या दावणीचा, का विकला, ह्याची चौकशी करतो. शिंगांना लावलेल्या रंगाला तो भुलत नाही. मग तोच चाणाक्ष मनुष्य गाडीच्या वेळी रंगाची चकाकी आणि आसनांचे कातडे पाहून इसार देऊन का मोकळा होतो? गाडीचे दात म्हणजे तिचा चॅसी क्रमांक. त्यावरून अधिकृत कार्यशाळेत आजवरच्या दुरुस्त्या व नोंदलेले किलोमीटर कळतात आणि मीटर मागे फिरविला असेल तर उघडा पडतो. विम्याचे पूर्वीचे दावे विचारले म्हणजे मोडलेला खांदा कळतो. इंजिन थंड असताना चालू करावे, घाटात न्यावे, आणि सौद्यापूर्वी पैसे खर्चून अधिकृत कार्यशाळेत तपासून घ्यावे. ह्या तपासणीला जो विक्रेता नाही म्हणतो, त्याचे नाही हेच उत्तर समजावे.

कागदांच्या बाबतीत सीमेवरच्या माणसाला अधिकच सावध राहावे लागते. नागपूरची गाडी घेतली आणि महाराष्ट्राच्याच नंबरावर ठेवली, तर रोजच्या जाण्यायेण्यात कुणाला खटकत नाही. पण १९५६ ची रेषा भाषेला जरी दिसली नाही तरी आरटीओला दिसते. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून अधिक ठेवली तर येथे नव्याने नोंदवावी लागते. त्यासाठी मूळ कचेरीचा नाहरकत दाखला आणि मध्यप्रदेशाचा आजीवन कर लागतो. जुन्या राज्यात भरलेल्या करापैकी उरलेल्या काळाचा परतावा मागता येतो, पण खेटे घालावे लागतात. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याची नोंद डोळ्यांनी पाहावी. आणि नाव चढविण्यात आळस मुळीच करू नये. अपघात झाला तर नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालीच स्पष्ट केले आहे. नावावर न चढविलेली गाडी म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यात आपण अडकविलेला फास.

तेव्हा निर्णयाची आमची कसोटी साधी आहे. गाडीची किंमत मोजून दिल्यावर तिच्या किमतीचा निदान पाचवा हिस्सा, फक्त तिच्या दुरुस्तीसाठी, बँकेत वेगळा ठेवता येतो काय? तो ठेवूनही विहिरीचे, ठिबकचे, नव्या कलमांचे आणि मुलीच्या शिक्षणाचे काम अडत नाही काय? दोन्ही उत्तरे होय असतील तर खुशाल घ्यावी व आनंदाने वापरावी. एक जरी नाही असेल, तर नवी देशी गाडी घ्यावी, जिचा मिस्त्री पांढुर्ण्यात आहे आणि जिचा भाग सौंसरच्या दुकानात मिळतो. त्यात मुलाने कमीपणा मानू नये. बापाने ‘आमच्या वेळी बैलगाडी होती’ हे पुराण लावण्यापेक्षा वही काढून त्याच्यासमोर वर्षाचा हिशोब मांडावा. वहीपुढे बहुतेक अबोले मिटतात.

प्रतिष्ठेविषयी एकच सांगतो. पोळ्याला पांढुर्ण्याच्या रस्त्यावरून जोड्या निघतात तेव्हा झुली सगळ्यांच्याच बैलांवर असतात. जाणती माणसे झुलीकडे पाहत नाहीत. ती बैलाच्या अंगावर किती मांस आहे ते पाहतात आणि त्यावरून त्या घराचे वर्ष कसे गेले हे ओळखतात. झूल एक दिवसाची असते, चारा वर्षाचा असतो.