नोटिशीवर चार ओळी मराठीत हव्यात

आमच्या ओळखीतल्या एका लेथवाल्याच्या शटरवर बँकेने ताब्याची नोटीस चिकटवली. घराचं खरेदीखत ज्यांनी केलं होतं त्या वकिलांकडे तो धावला. वकील सज्जन, फीदेखील बेताची. त्यांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला, मनाईहुकूम मागितला. अशा कर्जाचा दावा दिवाणी न्यायालयात चालतच नाही, हे कळेपर्यंत दोन महिने उलटले होते आणि ज्या न्यायाधिकरणात दाद मागायची तिथली मुदत संपली होती. वकिलांच्या हेतूत खोट नव्हती, दार चुकलं होतं. कर्जात बुडालेल्या माणसाने वकील कसा शोधावा आणि त्याला तो अंधारात का शोधावा लागतो, यासाठी हे मुद्दे.

1. ‘दिवाळखोरीचा वकील’ नावाचा एकच प्राणी आपल्याकडे नाही. कर्ज कुणाचं आणि तारण काय, यावरून दार ठरतं आणि दारावरून वकील. बँकेचं किंवा गृहकर्ज कंपनीचं तारणी कर्ज असेल, तर 2002 चा सरफेसी कायदा लागतो आणि दाद कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत मागायची. राज्यात ती मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. पतसंस्थेचं कर्ज असेल तर गोष्टच वेगळी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 खाली निबंधकाकडून वसुली दाखला निघतो. त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. मुंबईच्या मोठ्या फर्ममधल्या वकिलाला हा रस्ता ठाऊक असेलच असं नाही. तालुक्याच्या ठिकाणी सहकाराची कामं करणाऱ्याला तो पाठ असतो. कंपनी बुडाली तर 2016 ची दिवाळखोरी संहिता आणि राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण, म्हणजे एनसीएलटी. धनादेश न वटल्याचा खटला फौजदारी न्यायालयात.

आणि साध्या, एकट्या माणसाची दिवाळखोरी? तिच्यासाठी आजही जिल्हा न्यायालयात 1920 च्या कायद्याखाली अर्ज करायचा, आणि मुंबई शहरात उच्च न्यायालयात 1909 च्या. नव्या संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग लिहून ठेवला आहे, पण तो 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. पगारदार, रिक्षावाला, किराणा दुकानदार अजून शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्याच्या भरवशावर आहेत. ज्याच्याकडे गमावायला सगळ्यात कमी, त्याच्यासाठी सगळ्यात जुनं दार ठेवावं, हे मला पटत नाही.

2. दिवस मोजा. सरफेसीची पहिली मागणी नोटीस 60 दिवसांची असते. त्या काळात लेखी हरकत दिली, तर बँकेला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. ही हरकत फुकट आहे, आणि बहुतेक लोक ती देत नाहीत. ताब्याची कारवाई झाली की डीआरटीत जायला 45 दिवस. धनादेशाची नोटीस हाती पडल्यावर पैसे भरायला 15 दिवस. म्हणून वकील पहिल्या आठवड्यात गाठायचा. नोटीस देव्हाऱ्यामागे ठेवली म्हणून तारीख थांबत नाही.

3. सनद असलेला वकील जाहिरात करू शकत नाही. बार कौन्सिलच्या नियम 36 ने त्याला ती मनाई आहे; संकेतस्थळावर नाव, पत्ता, शिक्षण, कामाचं क्षेत्र अशी मोजकीच माहिती देता येते. नियमामागचा विचार मला मान्य आहे. पण त्याने मोकळी पडलेली जागा कोणी घेतली ते बघा. ‘निम्म्याहून कमी रकमेत कर्ज मिटवा, वसुलीचे फोन बंद करा’ असं सांगणाऱ्या सेटलमेंट कंपन्यांनी मोबाइल भरून गेला आहे. हप्ते थांबवा आणि दरमहा आमची फी भरा, असा अनेकांचा सल्ला असतो. तडजोडीला कबूल व्हायचं की नाही हे बँक ठरवते. एकरकमी तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे. जे देणं दुसऱ्याच्या हातात आहे, त्याची हमी हे लोक विकतात. आणि वसुलीवाल्यांनी सकाळी 8 च्या आधी, संध्याकाळी 7 नंतर फोन करू नये हा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तो विकत घ्यावा लागत नाही.

4. वकिलासमोर बसल्यावर काय विचारायचं? आधी हे: गेल्या वर्षभरात याच न्यायाधिकरणात कर्जदाराच्या बाजूने तुम्ही किती वेळा उभे राहिलात? पडताळता येतं, निकाल आणि तारखा न्यायालयांच्या संकेतस्थळांवर दिसतात. दुसरं, माझ्याच बँकेच्या पॅनेलवर तुम्ही आहात का? डीआरटी जाणणारे पुष्कळ वकील बँकांची कामं करतात, त्यात गैर काही नाही, पण ते आधी कळायला हवं. तारखेला स्वतः येणार की ज्युनिअरला पाठवणार? फी लेखी द्याल का? ‘वाचलेल्या रकमेत माझा इतका टक्का’ असं कोणी म्हणालं तर उठावं. निकालावर अवलंबून फी घेणं वकिलाला नियमाने वर्ज्य आहे.

जामीनदाराचा प्रश्न मात्र वेगळा काढून विचारा. नवऱ्याच्या कंपनीच्या कर्जावर बायकोची सही असते, भावाची असते, कधी निवृत्त वडिलांची. कंपनीला दिवाळखोरीत स्थगिती मिळाली तरी ती जामीनदाराला वाचवत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं. कंपनी सुटकेचा निःश्वास टाकते आणि बँक वडिलांच्या घराकडे वळते. कर्जदार आणि जामीनदार यांचं हित इथे फुटतं, म्हणून एकाच वकिलाच्या वकीलपत्रावर अख्ख्या घराने सह्या करू नयेत. घरात हे बोलणं कठीण असतं, मला कल्पना आहे. तरी बोला.

‘घर वाचणार नाही, पण मुदत आणि बरी किंमत मिळवू’ असं पहिल्याच भेटीत सांगणारा वकील मला ‘स्टे आणतोच’ म्हणणाऱ्यापेक्षा मोलाचा वाटतो.

5. पैसे नाहीत म्हणून वकील नाही, असं समजू नका. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो, आणि तिथे उत्पन्नाची अट नाही. जामीनदार झालेल्या प्रत्येक बाईला हा हक्क आहे. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते, फोन 15100.

6. वकिलाने काम बिघडवलं तर ग्राहक न्यायालयाचा रस्ता मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केला. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार मात्र करता येते. वकील बदलताना फी थकली म्हणून कागद अडवून ठेवता येत नाहीत, असा 2000 सालचा निवाडा आहे. ग्राहक म्हणून दाद मागता येत नसेल, तर निवडीच्या वेळी माहिती देण्याची जबाबदारी वाढते, आणि ती व्यवस्थेची आहे.

7. म्हणून मागणी. ताबा घेतल्यावर बँकेला दोन वर्तमानपत्रांत नोटीस छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. म्हणजे माणसाची अब्रू गावासमोर मांडताना मराठी सक्तीची, आणि त्याला बचावाची संधी असते तेव्हाची पहिली नोटीस मात्र बहुतेकदा इंग्रजीत. रिझर्व्ह बँकेने आणि सहकार खात्याने पहिल्याच नोटिशीवर मराठीत चार ओळी बंधनकारक कराव्यात: हरकत किती तारखेपर्यंत आणि कुणाकडे द्यायची, दाद कोणत्या न्यायाधिकरणात मागायची, मोफत वकील कुठे मिळेल, आणि त्या न्यायाधिकरणात काम करणाऱ्या वकिलांची यादी कोणत्या बार असोसिएशनच्या फलकावर लावलेली आहे. यादी लावणं ही जाहिरात होत नाही; जिल्ह्याच्या बारने ती या वर्षीच लावावी.