सुटका झाली, पण रेशनकार्ड कुठंय?



सुटून आलेला माणूस पुन्हा जेलात गेला की गावात एकच बोललं जातं, "त्यांची जातच तशी." इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, हे बोलणं काही रद्द झालं नाही. माणूस परत आत जातो कसा, ते जरा नीट बघू.

खुटबावच्या बाजूचा आपला एक पारधी भाऊ जामिनावर येरवड्यातून सुटला. आत त्याला अल्सरच्या गोळ्या चालू होत्या. कैदी आत असेस्तोवर औषधपाणी सरकारनं बघायचं. गेटाबाहेर पाऊल पडलं की कोणी विचारत नाही. गडी गुऱ्हाळावर कामाला लागला, गोळ्या बंद झाल्या आणि एका रात्री अल्सर फुटला. दवाखान्यात पहिला सवाल, "रेशनकार्ड आहे का?" नव्हतं. बायकोनं ऊसतोडीच्या मुकादमाकडनं उचल घेऊन पैसे भरले. या धावपळीत कोर्टाची तारीख चुकली, वॉरंट निघालं. टाके सुकले न सुकले तोच गडी पुन्हा आत. यात नवा गुन्हा कुठला?

आता योजना बघा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार फुकट आहेत. पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही कार्ड चालतं. मग अडलं कुठं? कार्डाला रहिवासाचा पुरावा लागतो. गायरानात पाल ठोकून राहणाऱ्यानं तो आणायचा कुठनं? जागा नावावर नाही म्हणून घरपट्टी नाही, घरपट्टी नाही म्हणून कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून योजनाही अडते. आपण जमिनीसाठी भांडतो ते फक्त पिकासाठी नाही, हे यावरून समजा.

हे बाहेरच्या देशातही ओळखलंय. अमेरिकेत गरिबांचा सरकारी आरोग्य विमा जेलात गेल्यावर थांबतो. जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्निया राज्यानं सुटकेच्या ९० दिवस आधीपासून तो लागू करायची परवानगी मिळवली. म्हणजे गेट उघडायच्या आधीच डॉक्टर आणि औषध ठरलेलं.

कोणी म्हणेल, नुसत्या कार्डानं जेल सुटतं का? नाही. पोलिसांचा संशय कार्डानं जात नाही. योजनाही भरती झाल्यावरच कामाची, रोजच्या गोळ्या तिच्यात येत नाहीत. पण कर्ज आणि चुकलेली तारीख, ही दोन भोकं तरी बुजतील.

म्हणून आपली मागणी :

१. सुटताना उपचाराचे कागद आणि महिन्याच्या गोळ्या हातात द्या.
२. विधी सेवा प्राधिकरणानं जेलातच कार्डाचा अर्ज भरून घ्यावा.
३. तहसीलदारांनी वस्तीवर येऊन गृहचौकशी करून कार्डं द्यावीत.
४. राहती जागा नावावर करा.

तोवर एक ध्यानात ठेवा. माणूस दवाखान्यात असेल तर भरतीचा कागद तारखेच्या आधी वकिलाकडं पोचवा, म्हणजे त्याला गैरहजेरी माफीचा अर्ज देता येतो. आदिवासीला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, तो हक्क आहे, मेहेरबानी नाही.

खुटबाव स्टेशनावरनं एकीकडं गाडी पुण्याला, येरवड्याच्या वाटेनं जाते, दुसरीकडं दौंडच्या तहसिलीला. आपल्या माणसांनी येरवड्याची वाट पुष्कळ तुडवली. आता दौंडची गाडी धरू, सगळे मिळून.