सोंगाची बोली



दिवाळीच्या सुट्टीत माहेरी, केमला गेले होते. कुर्डुवाडी आणि जेऊर यांच्या मधले हे आमचे स्टेशन, करमाळा तालुक्यातले, कुंकवासाठी नाव असलेले. माझी आई उमेदीच्या वयात कुंकवाच्या कारखान्यात पुड्या भरायची. संध्याकाळी घरी यायची तेव्हा कोपरापर्यंत हात लाल असत. शाळेची पायरी ती कधी चढली नाही, पण तिच्या तोंडच्या म्हणी आणि गोष्टींवर आम्ही पाच भावंडे वाढलो.

भावाचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्याने यंदा एक खेळ आणला होता, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत तो काढला. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार. पात्राच्या तोंडून बोलायचे, आणि काम फत्ते झाले की फसले हे वीस बाजूंच्या फाशावर ठरवायचे. बसल्या जागी सोंग वठवणेच ते. पोरे ओसरीवर सतरंजी टाकून रात्री उशिरापर्यंत खेळायची. मोबाईल बाजूला पडले म्हणून मला आनंदच झाला होता.

दुसऱ्या रात्री आई शेजारीच शेंगा फोडत बसली होती. राजकुमार बोलला तो पुस्तकातल्यासारखा. जादूगारीणही तशीच. मग वेशीवरचा पहारेकरी आला, तो ‘न्हाय जी, आनी लई येळ झाला’ असे बोलला. खानावळीतला दारुडा तसाच बोलला, चोरही तसाच. पोरे हसून लोळत होती. आईने सूप खाली ठेवले आणि नातवाला विचारले, “का रं बाळा, तुमच्या त्या राज्यात शाना मानूस येकबी आमच्यावानी बोलत न्हाई व्हय?”

एवढे बोलून ती आत गेली. पोर कावरेबावरे झाले. “आत्या, आम्ही नुसती मजा करत होतो.” ते खरेच होते. पण दुसऱ्या दिवशी आई नातवंडांशी ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच, जपून जपून बोलत होती. ते ऐकवत नव्हते.

ही मजा फार जुनी आहे. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त राजा संस्कृत बोलतो आणि अंगठी सापडलेला गरीब कोळी मागधी बोलतो. वर त्याच्या धंद्यावरून त्याला टोमणा बसतो तो वेगळाच. मगध हा कोणता मुलूख, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आणि ज्या ‘पानी’ला लोक हसतात, त्याला हिंदीत कोणी हसत नाही. पालीत आणि संस्कृतात शब्दच मुळी ‘पानीय’ असा आहे.

मला स्वतःला कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तिन्ही वर्षे मोलकरणीचेच काम मिळाले. ‘तुझ्या तोंडी ती भाषा शोभते’ असे कारण सांगितले गेले. पुढे नोकरीला ठाण्यात आले तेव्हा कोणी हसू नये म्हणून ‘ण’ घोटून घोटून पक्का केला. मुलांनाही बजावले, आजीसारखे बोलू नका. मग त्यांनी चोराच्या तोंडी आजीची भाषा घातली तर रागवायचे कोणाला?

भाच्याचा पहिला तोडगा असा की सगळ्यांनी प्रमाण भाषेतच खेळायचे. मला तो मुळीच पटला नाही. त्या राज्यातून चोराबरोबर माझी आईही हद्दपार झाली असती.

जोतिराव फुल्यांचे ‘तृतीय रत्न’ हे १८५५ सालचे नाटक आठवा. दक्षिणा प्राइज कमिटीने ते स्वीकारले नव्हते. त्यात जोशी आहे, गरोदर कुणबीण आणि तिचा नवरा आहे, विदूषक आहे. हसू येते, पण ग्रहांची भीती घालून गरिबाला लुबाडणाऱ्या जोशाच्या करणीचे. कुणब्याच्या जिभेचे नाही.

मग पोरांनी बसून घरचे नियम ठरवले. बोली गावाची, पायरीची नाही. एका गावचा पाटील, वैद्य, चोर आणि राणी सगळे सारखेच बोलतील. चोर गावरान बोलला तरी चालेल, मात्र तिथला न्यायाधीशही तसाच बोलला पाहिजे. जी बोली आपल्या कानावर नीट पडलेली नाही ती काढायची नाही. त्याऐवजी पात्राला एखादी सवय द्यायची, जसे सावकाश बोलणे किंवा दर वाक्याला हिशेब सांगणे. (इंग्रजीत खेळणारेही डोंगरातल्या ठेंगू लोकांना हमखास स्कॉटलंडचे उच्चार देतात म्हणे. खोड सगळीकडची आहे.) जातीधर्मावरून आवाज काढायचा नाही. यावर थोडी चुळबूळ झाली, कारण भेळवाल्या ‘भैया’ची नक्कल आमच्याच घरात सर्वांत छान होते. आपण ज्यावरून रडलो त्यावरूनच दुसऱ्याला हसतो, हे मला त्या रात्री नव्याने दिसले.

शेवटचा नियम पुतण्याने परदेशातल्या खेळाडूंकडून उचलला. मध्यभागी फुली मारलेला एक पत्ता ठेवायचा. कोणाला काही लागले की त्याने पत्त्यावर बोट ठेवायचे. प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचे, का म्हणून विचारायचे नाही. मला हा नियम सर्वांत आवडला. लागलेल्या माणसालाच पुन्हा कारण सांगायला उभे करण्याची आपल्याकडे भारी रीत आहे.

आईला बोलवायला नातूच गेला. “आज्जे, जादूगारीण तू हो.” ती आधी नाहीच म्हणाली. मग आली, आणि राक्षसाला अशी काही झोडपली की शेजारची सून भिंतीवरून डोकावली. फाशावर मात्र तीनच पडले. “येवढ्यानं काय हुतंय, पुन्यांदा टाक,” आई म्हणाली. पुतण्या म्हणाला, नियमात बसत नाही. त्यावर आईने फुलीच्या पत्त्यावर बोट ठेवले.

तेवढ्यासाठी पत्ता वापरता येतो का, यावर आमच्या घरात अजून वाद चालू आहे.