आखूड दिवसांचा संसार

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला वीरनिर्वाण संवताचे नवे वर्ष सुरू होते. अमावास्येच्या पहाटे मंदिरात निर्वाणलाडू चढवून झालेला असतो आणि लगेच पाडव्याचे औक्षण येते. पत्नी पतीला ओवाळते, पती तबकात ओवाळणी घालतो. आपले नवे वर्ष मराठी घरात असे पती-पत्नींच्या दिवसाने उघडावे, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. कारण पाडव्यानंतरचे दोन-अडीच महिने दांपत्याच्या समजूतदारपणाची फार बारीक परीक्षा पाहतात.

दिवाळीचे पाहुणे परततात. फराळाचे डबे रिकामे होतात. शुद्ध अष्टमीला सुरू झालेले अष्टाह्निका पर्व पौर्णिमेला पूर्ण होते आणि घर पुन्हा रोजच्या चाकोरीला लागते. नेमक्या याच सुमारास सूर्य घाई करू लागतो. सांगली-कोल्हापूरकडे जूनअखेरीस सूर्यास्त सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास होतो; नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो सहाला दोन-चार मिनिटे कमी असतानाच होतो. म्हणजे संध्याकाळ जवळजवळ सव्वा तासाने अलीकडे सरकते. पुष्कळांची अशी समजूत असते की वर्षातला सर्वांत लहान दिवस 21-22 डिसेंबरचा, तेव्हा सूर्यही त्याच दिवशी सर्वांत लवकर मावळत असेल. तसे नाही. त्या दिवशी सूर्यास्त सहा वाजून गेल्यावर होतो. सर्वांत लवकरचे सूर्यास्त आपल्याकडे नोव्हेंबरच्या उत्तरार्धातच येऊन जातात आणि जानेवारीच्या मध्यास संध्याकाळ पुन्हा सव्वासहाच्या पुढे गेलेली असते.

ज्या घरात रात्रिभोजनाचा त्याग आहे, त्या घराला हे गणित पंचांग न उघडताही ठाऊक असते. मात्र हा हरवलेला सव्वा तास भरून कोण काढते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

एखाद्या घराची कार्तिकातील दुपार डोळ्यांसमोर आणा. पती पेठेत दुकान चालवतात. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते आणि गिऱ्हाईक संध्याकाळीच येते. पत्नी शाळेत शिकवतात. पाच वाजता शाळा सुटते, घरी पोहोचेपर्यंत सव्वापाच होतात. पुढच्या चाळीस मिनिटांत कुकर लावणे, भाकरी थापणे, भाजी फोडणीला टाकणे, सासूबाईंचे पथ्याचे निराळे करणे आणि सर्वांना वाढणे, हे सारे व्हावयाचे असते. सासूबाई तर सूर्यास्तापूर्वी दोन घटका, म्हणजे 48 मिनिटे आधीच, जेवण आटोपणाऱ्या. त्यांचे ताट पाच वाजून दहा मिनिटांपूर्वी हवे. म्हणून ते सकाळीच करून, झाकून ठेवून जावे लागते. पतीही धावतपळत येतात, चार घास खातात आणि पुन्हा दुकानी जातात. सर्वांचा नियम पाळला जातो. जिने तो पाळवला, ती मात्र पश्चिमेच्या खिडकीकडे पाहत उभ्यानेच दोन घास गिळते. कधी तेवढाही वेळ उरत नाही, आणि त्या दिवशी तिचा उपवासच घडतो. या उपवासाची नोंद कोणी घेत नाही.

याच दिवसांत साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. उसाने लादलेल्या बैलगाड्या रस्त्याने जाऊ लागतात. चढावर बैलांची ओढाताण पाहून आपल्या घरातली लहान मुलेही हळहळतात, आणि ते संस्कार योग्यच आहेत. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत अतिभारारोपण, म्हणजे शक्तीबाहेर ओझे लादणे, हा एक आहे. जनावराच्या पाठीवरचे ओझे डोळ्यांना दिसते, म्हणून तेथे दया सुचते. घरातल्या माणसाच्या दिवसावर लादलेले ओझे दिसत नाही. ते हसतमुखाने वाहिले जात असेल, तर मुळीच दिसत नाही.

त्याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात कर्माच्या आस्रवाचा विचार करताना कृत, कारित आणि अनुमत असे तीन प्रकार मानले आहेत. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि दुसऱ्याने केलेल्याला संमती दिलेले, या तिन्हींचा हिशेब ज्याचा त्याच्या खात्यावर पडतो. आपला नियम दुसऱ्याच्या दगदगीवर उभा असेल, तर ती दगदग कारित ठरते. सूर्यास्तापूर्वी जेवलो, एवढ्यावर समाधान मानणाऱ्या गृहस्थाने हेही पाहावे की, आपले ताट वेळेवर येण्यासाठी किती शब्द तुटकपणे बोलले गेले, कोणाचा हात पोळला, कोण उपाशी राहिले.

यावर ज्येष्ठ मंडळी म्हणतात, पूर्वीच्या बायकांनी हे सारे केलेच की! केले, हे खरे. पण पूर्वीच्या वाड्यात चुलीपाशी सासू, जावा, नणंदा असे आठ-दहा हात असत आणि संध्याकाळी पाचला कोणी नोकरीहून परतत नसे. आज घरात चार हात आहेत. त्यांतले दोनच चालत असतील, तर दोष नियमाचा नव्हे आणि काळाचाही नव्हे.

मग नियम शिथिल करावा काय? मुळीच नाही. नियम दोघांचा करावा, एवढेच. काही घरांनी याचे साधे मार्ग शोधले आहेत. एका घरी पती साडेपाचला दुकानाची जबाबदारी गड्यावर सोपवून येतात. आल्यावर पाट-पाणी, ताटे आणि वाढणे त्यांच्याकडे असते. दोघांचीही कचेरी उशिरा सुटते अशा ठिकाणी सकाळीच दुधातल्या दशम्या आणि तिळाची चटणी असा दुसरा डबा बांधला जातो, आणि साडेपाचला दोघेही आपापल्या जागी बसून जेवतात. कोठे संध्याकाळचा बेत केवळ मुगाची खिचडी असा ठरलेला आहे, आणि जो आधी घरी येईल तो कुकर लावतो. यात मोठे काही नाही. मात्र ‘काय करायचे’ हे रोज एकटीने ठरवण्याचे ओझे उतरले, की निम्मा थकवा नाहीसा होतो.

हिवाळा काही ओझी हलकीही करतो. आपल्या परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच दिवस आणि शीतकाळात सात दिवस मानली जाते. कार्तिकी पौर्णिमा सरली की दळण आठवड्यातून एकदा पुरते. रविवारी धान्य निवडून गिरणीतून दळून आणणे, पिठाच्या डब्यावर दिवस लिहून ठेवणे, हे काम पतीने कायमचे आपल्याकडे घेण्यासारखे आहे. “अहो, पीठ संपत आलंय,” हे वाक्य उच्चारावे लागण्यापूर्वीच डबा भरलेला असावा, यात जे सौख्य आहे ते पाडव्याच्या ओवाळणीतही नाही.

भाजीचे मात्र उलट आहे. मेथी, चाकवत, हरभऱ्याचा कोवळा पाला, वाटाणा, पावटा, तुरीच्या शेंगा यांनी बाजार भरून जातो, आणि या हिरवाईबरोबर शोधण्याचे काम वाढते. तुरीच्या शेंगेत किंवा हरभऱ्याच्या घाट्यात बसलेली घाटेअळी पुष्कळदा त्याच हिरव्या रंगाची असते. दिव्याच्या उजेडात घाईने सोललेल्या शेंगांत ती नजरेला पडत नाही. हे काम दिवसाउजेडी, निवांतपणे आणि चार डोळ्यांनी करावयाचे आहे. रविवारी सकाळी अंगणात किंवा गच्चीत कोवळ्या उन्हाला बसून दोघांनी शेंगा सोलाव्यात, सापडलेली अळी अलगद पानावर घेऊन झाडाखाली सोडावी. उन्हाची ऊब मिळते, जीवदया घडते, आणि आठवडाभर राहून गेलेले बोलणेही शेंगांबरोबर उलगडते.

लवकर जेवणाचे एक मोठे दान आपण फारसे लक्षातच घेत नाही. साडेसहाला ओटा धुऊन झाला, की निजेपर्यंत तीन-साडेतीन तास मोकळे उरतात. इतर घरांत नऊ वाजता पाने मांडली जातात, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ मध्यावर असते. या वेळात एक सामायिक, म्हणजे 48 मिनिटे, सहज बसते. मुलांचा अभ्यास, महिन्याचा हिशेब, आईच्या गुडघ्यांना तेल लावणे, परगावच्या लेकीला फोन, असे पुष्कळ काही बसते. पण ओटा एकटीने आठपर्यंत आवरायचा आणि दुसऱ्याने पलीकडच्या खोलीत मोबाइल पाहायचा, असे असेल तर हे दान एकाच्याच पदरात पडते. पुढे दोघेही दोन पडद्यांसमोर बसले, तर ते कोणाच्याच पदरात पडत नाही.

श्रावकाच्या बारा व्रतांत अतिथिसंविभाग हे एक व्रत आहे. दारी आलेल्या सत्पात्राला आपल्या अन्नातला यथोचित भाग आदराने द्यावा, असे ते सांगते. दारी येणाऱ्यासाठी संविभाग शिकविणारा धर्म जन्मभर घरात वावरणाऱ्या सहचारिणीला वगळून सांगितला असेल, असे मानण्यास आधार नाही. तिच्या श्रमांतला आपला वाटा उचलणे हाही संविभागच होय. तिनेही, ‘तुम्हाला जमणार नाही, मीच करते’ असे म्हणून तो वाटा परत घेऊ नये. पतीने लावलेली खिचडी पहिले चार दिवस पातळ होईल. ती गोड मानून खावी.

येत्या पौर्णिमेनंतर एक दिवस ठरवून दोघांनी दिनदर्शिका समोर घ्यावी, सूर्यास्ताचा रकाना वाचावा आणि प्रत्येक वारी संध्याकाळच्या जेवणातले कोणते काम कोणाचे, ते त्याच पानावर पेन्सिलीने लिहावे. कसोटी एकच ठेवावी: सूर्य मावळण्यापूर्वी घरातील प्रत्येक व्यक्ती, स्वयंपाक करणारीसुद्धा, ताटावर बसून शांतपणे जेवलेली असावी.