हळद जुनी, कॅप्सूल नवी

आईने गेल्या महिन्यात गुडघ्यांसाठी हळदीच्या कॅप्सूल ऑनलाइन मागवल्या. डबीवर दोन दावे: ‘हजारो वर्षांची परंपरा’ आणि ‘वीसपट शोषण’. मी कोड लिहून पोट भरतो. औषधांतलं मला काही कळत नाही, असं आईचं मत आहे. पण हे दोन दावे एका डबीवर नांदू शकत नाहीत, हे कळायला फार्मसीची पदवी लागत नाही.

हळदीत कर्क्युमिन असतं जेमतेम तीन टक्के. ते पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून फारसं शोषलं जात नाही आणि जे जातं त्याची यकृत झटपट विल्हेवाट लावतं. जन्मभर आमटीतून हळद खाऊनही आपल्याला काही होत नाही, याचं हेही एक कारण आहे.

यावर शास्त्रज्ञांनी वाटा काढल्या. कर्क्युमिन फॉस्फोलिपिडशी बांधून ‘फायटोसोम’ करायचं, त्याचे नॅनोकण करायचे, नाहीतर जोडीला मिऱ्यातलं पायपरिन द्यायचं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या बंगळुरूच्या प्रयोगात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत फक्त २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं, तर माणसांत शोषण सुमारे वीसपट झालं.

झकास इंजिनिअरिंग! माझं भांडण त्याच्याशी नाही. पण ही नवी आवृत्ती झाली. जुन्या आवृत्तीचे टेस्ट रिपोर्ट जोडून मी नवा कोड लाइव्ह केला, तर दुसऱ्या दिवशी माझी नोकरी जाईल. इथे मात्र परंपरेचा दाखला सर्रास चालतो.

“मिरी तर आपण पूर्वीपासून घालतोच की!” घालतो, चिमूटभर. आणि वैद्य अनुपान सांगतो ते समोरचा रोगी बघून. पायपरिन यकृताच्या सफाई यंत्रणेलाच अडवतं, मग दुसऱ्या औषधांचीही रक्तातली पातळी वाढू शकते. प्रोप्रॅनोलॉलच्या बाबतीत हे माणसांवरच्या प्रयोगात दिसलंय. आई अर्धशिशीसाठी तेच घेते. डबीवर याबद्दल एक अक्षर नाही. २०१९मध्ये इटलीत हळदीच्या सप्लिमेंटनंतर यकृतदाह झालेले रुग्ण आढळले, तेव्हा तिथल्या सरकारला इशारा द्यावा लागला.

‘वीसपट’ विकायचं असेल तर खुशाल विका. पण पायपरिन किती, कोणत्या औषधांसोबत घेऊ नये आणि या कॅप्सूलची स्वतःची सुरक्षा-चाचणी कोणती, हे छापा. आजीच्या बटव्याआड लपू नका.

आईची डबी सध्या माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. डॉक्टरांनी बघेपर्यंत तिथेच राहील. तुमच्या घरातली डबीही एकदा उलटी करून वाचा.