विहीर बदलते, पंप तोच

पंप घेताना आपण त्याची किंमत पाहतो, हॉर्सपॉवर विचारतो आणि दुकानदाराच्या तोंडून पाण्याच्या धारेचे वर्णन ऐकतो. विहीर मात्र बारा महिने एकसारखी राहत नाही. श्रावणात काठावर बसून घागर बुडवावी इतके वर आलेले पाणी वैशाखात तळाच्या खडकाला टेकते. वीज कधी पुरती असते, कधी दिवा नुसता लाल दिसतो. पाइप कधी माळावरच्या तुकड्यापर्यंत जोडलेला असतो, तर कधी मधला जोड सोडून खालच्या वावराला पाणी दिले जाते. पंप तेवढा तोच. म्हणून बटण दाबण्याआधी एकदा विहिरीत डोकावावे, एवढेच या खेपेचे सांगणे आहे.

पहिली गोष्ट बहुतेकांना पटत नाही. विहीर तुडुंब असताना मोटारीवर भार कमी नव्हे, जास्त पडतो. मोटेचा हिशेब आपल्या डोक्यात बसला आहे: पाणी खोल गेले की बैलांचा दम निघायचा, वर आले की काम हलके व्हायचे. सेंट्रिफ्युगल पंपाचे तसे नाही. त्याचा पंखा ठरावीक वेगाने फिरून पाणी बाहेर फेकतो. चढवायची उंची कमी झाली, की तोच पंखा एरवीपेक्षा पुष्कळ जास्त पाणी फेकू लागतो आणि त्या जादा पाण्याचे ओझे मोटार वाहते. ८० फूट उंचीसाठी घेतलेला पंप ४५-५० फुटांवर चालू लागला, तर धार पाहून मालक खूश होतो आणि आत वायंडिंग तापत असते. मधला जोड सोडून खाली पाणी काढले तरी प्रकार हाच.

यावर खर्चाचा उपाय नाही. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळावा आणि अँपिअरचा काटा मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या आकड्याच्या आत येईपर्यंत तसाच ठेवावा. ५ हॉर्सपॉवरच्या थ्री-फेज मोटारीला हा आकडा सुमारे साडेसात असतो. पण आपल्या पाटीवर जो असेल तोच खरा. वीज कमी दाबाची असली तरी काटा वर चढतो. अशा वेळी पुष्कळ ठिकाणी काय करतात, तर फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घालतात. फ्यूज वाचतो, मोटार जळते, आणि कधी पेटीही पेटते. तीनपैकी एक फेज गेला तर मोटार नुसती घुमते किंवा जड चालते. सिंगल फेज प्रिव्हेंटर नसेल, तर त्या दिवशी पंप बंद ठेवणे हेच स्वस्त.

चालू करतानाही घाई नको. पंप पाण्याने भरावा, हवेच्या नळीतून बुडबुडे थांबेपर्यंत भरावा, डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटार सुरू करावी आणि मग हळूहळू उघडावा. बंद ठेवून फार वेळ चालवू नये. आतले तेच पाणी घुसळून तापते. थांबवताना आधी व्हॉल्व्ह, मग बटण. डीपीवर काही काम झाले असेल, तर फिरण्याची दिशा बाणाशी ताडून पाहावी. उलटा फिरणारा पंपही थोडे पाणी देतो, म्हणून महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी गळू द्यावे. दोरी पार आवळली तर शाफ्ट खाल्ला जातो.

आता उन्हाळ्याकडे वळू. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण खरे तर बाहेरची हवा पाण्याला खालून ढकलते. समुद्रकाठी हवेचा हा दाब पाण्याला फार तर ३४ फूट चढवू शकतो. घाटमाथ्यापलीकडे, समुद्रसपाटीपासून ६०० मीटर उंचीवरच्या गावात तोच हिशेब ३१ फुटांच्या आसपास येतो. त्यातून पाइपचे घर्षण, बेंड, फूट व्हॉल्व्ह (ज्याला गावोगाव ‘फुटबॉल’ म्हणतात) आणि पंपाची स्वतःची गरज वजा जाते. हाती उरतात वीस-बावीस फूट. पंप आणि पाणी यांत याहून जास्त अंतर पडले, की आधी धार तुटक होते आणि मग पंपात खडे भरल्यासारखा खडखडाट ऐकू येतो. ते खडे नसतात. पंख्याच्या तोंडाशी दाब इतका घटतो, की गार पाण्याचीही वाफ होते, आणि ते बुडबुडे पुढे फुटताना धातूचे कण उडवतात. असा पंखा काढून पाहिला तर उंदरांनी कुरतडल्यासारखा दिसतो.

तो आवाज आल्यास डिलिव्हरी व्हॉल्व्ह आवळून पाणी कमी करावे. सक्शनच्या बाजूला व्हॉल्व्ह बसवून आवळू नये, त्याने दुखणे वाढते. फूट व्हॉल्व्ह निदान दोन-तीन फूट पाण्याखाली असावा, नाही तर भोवऱ्यातून हवा आत जाते. आणि रात्रीच्या पाळीला ऑटो स्विच लावून झोपण्याची पद्धत उन्हाळ्यात फार महाग पडते. पाणी संपते, पंप कोरडा फिरत राहतो, आणि सकाळी हाती जळका वास उरतो. पंप उघडताना तर ऑटो काढून, मेन बंद करूनच हात घालावा. वीज येताना सांगून येत नाही.

पाणी आणखी खाली गेले, की पंप विहिरीतल्या ओट्यावर उतरवतात. विजेचा पंप उतरवायला हरकत नाही; वायर धड हवी, अर्थिंग हवे आणि खाली उतरताना वीज बंद हवी. पण इंजिन कधीही विहिरीत उतरवू नये. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. इंजिन बंद पडले, की कुणी तरी ते पुन्हा सुरू करायला खाली उतरतो. धूर दिसत नाही, पण वायू विहिरीत साचलेलाच असतो. डोके जड होते, पाय लुळे पडतात, शिडी चढवत नाही. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग शेजारी. एका घरातली दोन-तीन माणसे अशीच एका विहिरीत जातात.

कंदील सोडून पाहतात, पण त्याचा भरवसा धरू नये. प्राणवायू कमी असेल तर कंदील विझतो. या वायूने तो विझत नाही. माणूस खाली पडलेला दिसला तर कुणीही मागोमाग उतरू नये. वरूनच हाका मारून दोर सोडावा. शुद्धीवर असेल तर तो धरील. नाही तर लगेच ११२ वर फोन करून अग्निशमन दलाला बोलवावे, आणि १०८ ची गाडी मागवावी. हे घरातल्या बायका-मुलांनाही ठाऊक हवे, कारण अशा वेळी काठावर बहुधा तीच असतात.

इंजिन लागणारच असेल तर ते काठापासून दूर ठेवावे, धुराची नळी वाऱ्याच्या दिशेने विहिरीपलीकडे काढावी. पाणी वीस फुटांच्या खाली गेलेल्या विहिरीवर पाणबुडी पंप हाच मार्ग. तो कोणत्या मापाचा घ्यावा, हे पुढील अंकी.